तीस युनिटांचे घर

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळघाट हे पैनगंगेच्या खोऱ्यातील गाव. वैशाखातील दुपार येथे पंख्यावाचून सरत नाही. परंतु मजुरीवर चालणाऱ्या घरात पंखा फिरू लागला, की त्याच्या वाऱ्याबरोबर बिलाची चिंताही येते.

अशा घरांसाठी सवलतीचा दर आहे. केंद्र शासनाच्या २००६ च्या धोरणात असे सांगितले आहे, की दारिद्र्यरेषेखालील जे कुटुंब महिन्यास सुमारे तीस युनिटांच्या आत वीज वापरते, त्यास कमी दर लावता येईल. मात्र तो दर वीज पुरविण्याच्या सरासरी खर्चाच्या निम्म्याहून खाली जाऊ नये. उरलेला भार इतर ग्राहकांच्या दरातून भरून काढला जातो. म्हणजे ही मदत केवळ सरकारी तिजोरीतून येते असे नव्हे. अधिक वीज वापरणारा अनोळखी ग्राहकही त्यात आपला वाटा देत असतो.

महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाने या सवलतीसाठी वर्षाची मर्यादा घातली, ती ३६० युनिटांची. ही योजना शहाणपणाची खरी. उन्हाळ्यातील वाढीव वापर हिवाळ्यात भरून निघतो.

आता हिशेब पाहू. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. साठ वॅटचे दोन जुने दिवे रोज पाच तास जळले, तर महिन्यास १८ युनिटे आणि वर्षास २१६ युनिटे होतात. पंच्याहत्तर वॅटचा पंखा चार महिने सोळा तास, चार महिने आठ तास फिरला आणि थंडीत बंद राहिला, तर आणखी २१६ युनिटे. बेरीज ४३२! मर्यादा ओलांडली आणि घर सामान्य दराच्या वर्गात गेले.

त्याच घरात नऊ वॅटचे एलईडी दिवे लावले, तर दोहोंचा वर्षाचा खर्च अवघा साडेबत्तीस युनिटांच्या आत राहतो. पंखा तितकाच फिरूनही एकूण बेरीज सुमारे २४८ होते. सवलत टिकते, शिवाय शंभराहून अधिक युनिटे शिल्लक राहतात.

अडचण एवढीच होती, की जुना दिवा दुकानात स्वस्त मिळे आणि एलईडी महाग. म्हणून २०१५ साली केंद्र शासनाने 'उजाला' योजना सुरू केली. लाखो दिवे एकदम खरेदी केल्याने त्यांची किंमत उतरली आणि ते गरिबाच्या घरी पोहोचू लागले.