गोदीतला कापूस, जहाजातली बॅटरी
१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ज्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाच्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले, त्याच्या उदरात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरण्याची परवानगी कोण्या शहाण्याने दिली, हा प्रश्न आज विद्युत मोटारी वाहणाऱ्या जहाजांच्या संदर्भात पुन्हा विचारण्याजोगा आहे; कारण लिथियम बॅटरीतील एक घट तापला की शेजारचा तापतो, ज्वालाग्राही वायू सुटतो, कार्बन डायऑक्साइडने ज्वाळा दबल्या तरी आतली उष्णता शमत नाही, आणि खेटून उभ्या केलेल्या मोटारींच्या रांगांतून पाण्याची नळी ओढत नेणे खलाशाला दुष्कर होते. जुलै २०२३ मध्ये डच किनाऱ्यालगत ‘फ्रीमँटल हायवे’ हे मोटारवाहू जहाज पेटले, एक भारतीय खलाशी दगावला. मात्र खालच्या मजल्यांवरील अनेक विद्युत मोटारी शाबूत निघाल्याने सगळा ठपका बॅटरीवर ठेवणे मला न्याय्य वाटत नाही.