सातव्या पावलावर अडलेला गुन्हा

वऱ्हाड जेवून गेलं, गळ्यात मंगळसूत्र पडलं, गावानेही तिला त्याची बायको मानलं. तरी कायद्याच्या लेखी लग्न झालंच नाही, असं होऊ शकतं! हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे, जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पुरं होतं. समाजाची रूढी वेगळी असेल तर तीही चालते, पण ती कोर्टात सिद्ध करावी लागते.

या पावलाने काय घडवलं ते ‘भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात दिसतं. पहिली बायको हयात असताना १९६२ साली दुसरं लग्न लागलं, तेही गांधर्व पद्धतीने. नवरानवरीच्या कपाळाला कपाळ लावलं गेलं. होम मात्र झाला नाही आणि सप्तपदीही नाही. एवढ्यावर लग्न लागतं अशी रूढी सिद्ध झाली नाही. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याला झालेली शिक्षा रद्द केली: दुसरं लग्नच झालेलं नाही, मग द्विभार्येचा गुन्हा कुठला? म्हणजे विधी जितका अर्धवट, तितका नवरा सुरक्षित.

खरं तर आपल्याकडे दुसऱ्या लग्नावरची ही बंदी हिंदू विवाह कायद्याच्याही आधीची, मुंबई प्रांताच्या १९४६ च्या कायद्याची. मुलगा नसेल तर परलोकाचं काय, असा युक्तिवाद तिच्याविरुद्ध झाला होता. १९५१ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांनी बंदी कायम ठेवली. धर्मात दत्तकाची सोय आहेच की, हे छागलांचं उत्तर मला अजूनही फार आवडतं. शेजारच्या गोव्यात मात्र पोर्तुगीजांच्या १८८० च्या हुकुमाने हिंदू पुरुषाला सवलत दिली होती. पहिल्या बायकोला पंचविशीपर्यंत मूल झालं नाही, तर दुसरी करता येई. बाईच्या कुशीला अशी मुदत घालून दिलेली वाचताना अंगावर काटा येतो.

म्हणूनच बहुपत्नीत्वाला कायद्याने मोकळीक द्यावी, हे मला पटत नाही, मग धर्म कुठलाही असो. पण नुसत्या बंदीने दुसरीचं काय होतं? तिला अनेकदा फसवून आणलेलं असतं, आणि ते लग्न बेकायदा म्हणून पोटगी मागायला गेली की त्याच बंदीवर बोट ठेवून तिला परत पाठवलं जाई. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बुजवली. पहिलं लग्न लपवणाऱ्याला स्वतःच्याच लबाडीचा फायदा घेता येणार नाही, असं म्हणत त्या बाईला पोटगी दिली.

फौजदारी खटल्यात मात्र अजून विधीच तपासले जातात. पोटगीपुरती जी बायको ठरते, ती गुन्ह्यापुरतीही ठरायला हवी, आणि त्यासाठी द्विभार्येच्या गुन्ह्याचं कलम दुरुस्त करणं संसदेच्या हातात आहे.