जहांगीरच्या दारात कुणी अडवत नाही

जानेवारीत शारदानगरला ‘कृषिक’ हे शेतीचे प्रदर्शन भरते तेव्हा माळेगावच्या रस्त्यावर परजिल्ह्यांतल्या गाड्यांची रीघ लागते. माणसे थेट प्लॉटात उतरतात, उसाची पेरे मोजतात, पान उलटे करून बघतात. बेणे कुठले, लागण कधीची, पाणी किती दिले, एकरी उतारा काय पडला, हे सगळे विचारून घेतात आणि उत्तर पटले नाही तर पुन्हा विचारतात. आता तर ऊसशेतीत एआय कसे चालते तेही तिथे दाखवतात आणि सत्तरीतला म्हाताराही ते कान देऊन ऐकतो. प्रदर्शन कसे बघावे हे नीरा डाव्या कालव्यावरच्या माणसाला शिकवायची गरज नाही.

हाच माणूस मुंबईला जातो तो बहुधा कामाने. मंत्रालयात कागद अडकलेला असतो, साहेब मीटिंगमध्ये असतात, दुपारनंतर या म्हणतात. हातात तीन-चार तास मोकळे. मग गेटवे बघायचा, समुद्राकडे तोंड करून फोटो काढायचा आणि वडापाव खाऊन परत फिरायचे. या फेरीत वाटेवर काळा घोडा लागतो आणि तिथे महात्मा गांधी मार्गाच्या कडेला जहांगीर आर्ट गॅलरी लागते. तिच्यासमोरून आपली माणसे सरळ पुढे निघून जातात. काचेचे दार, आतला गारवा, इंग्रजीतली पाटी. तिकीट असेल, कपडे बरे नाहीत, कुणी हटकले तर काय सांगायचे, असे काहीबाही मनात येते. खरे तर तिकीट नाही. कुणी हटकत नाही. आत जायचे आणि बघायचे, एवढेच.

ही वास्तू १९५२ सालची. चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी सर कावसजी जहांगीर यांच्यामागे धोशा लावला आणि त्यांच्या देणगीतून ती उभी राहिली. अणुशास्त्रज्ञाचा चित्रांशी काय संबंध, असे वाटेल. पण भाभा स्वतः चित्रे काढत आणि टीआयएफआर या आपल्या संशोधन संस्थेच्या भिंतींसाठी त्यांनी आपल्या काळातल्या चित्रकारांची चित्रे विकत घेतली. गॅलरीचे वास्तुरचनाकार दुर्गा बाजपेयी. शेजारी जॉर्ज विटेटने बांधलेले घुमटाचे वस्तुसंग्रहालय, समोर एल्फिन्स्टन कॉलेजची कमानदार दगडी इमारत, आणि मध्येच ही काँक्रीटची सुटसुटीत वास्तू. दारावर लाटेसारखे वळण घेतलेले काँक्रीटचे छप्पर आहे. आत शिरण्याआधी तिथे थांबून एकदा वर बघावे.

ही गॅलरी होण्याआधी मुंबईत तरुण चित्रकाराला चित्रे टांगायला धड जागा नव्हती. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. त्यांचे १९४९ चे प्रदर्शन याच भागात, रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या छोट्या दालनात भरले होते. तीन वर्षांनी जहांगीर उघडले आणि जागेचा प्रश्न सुटला. वाद मात्र इथेही पाठीमागे आले. १९५४ साली अकबर पदमसी यांच्या ‘लव्हर्स’ नावाच्या चित्रांवर पोलिसांनी अश्लीलतेचा ठपका ठेवला आणि ती उतरवायला सांगितली. पदमसी म्हणाले, उतरवणार नाही. खटला झाला, न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. १९९२ मध्ये हुसेन यांनी ‘श्वेतांबरी’ मांडले. भिंतीवर एकही चित्र नाही. दालनभर पांढरे कापड आणि जमिनीवर फाडलेल्या वर्तमानपत्रांचा खच. बघणारे चक्रावून बाहेर पडले. मला विचाराल तर त्यात नुसता चक्रावून टाकण्याचाच भाग जास्त होता, पण अजून लोक त्यावर बोलतात हेही खरे.

हुसेन म्हटले की आपल्या भागातल्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामतीत मुक्काम करून, काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण घेऊन, इंदापूरमार्गे ज्या पंढरीला जाते, त्या पंढरपुरात १९१५ साली हुसेन यांचा जन्म झाला. मुंबईत त्यांनी सिनेमाची पोस्टरे रंगवून पोट भरले. त्यांचे १९५४ चे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. काय आहे त्या चित्रात? खेड्यातली रोजची कामे, बाया-माणसे, बैलगाडी, एक शेतकरी. आपण रोज बघतो तेच.

जहांगीरचे चालते कसे, ते आता नीट सांगतो, कारण बघायला जाणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. इथे प्रदर्शन एक आठवडा चालते; मंगळवारी लागते, पुढच्या सोमवारी उतरते. एकाच वेळी वेगवेगळ्या दालनांत वेगवेगळे चित्रकार असतात, शिवाय छायाचित्रांसाठी वर टेरेस गॅलरी आहे. म्हणजे एका फेरीत तीन-चार प्रदर्शने सहज होतात. चित्रकाराला मात्र ही तारीख मिळवायला अर्ज करून, निवड होऊन, काही वर्षे थांबावे लागते. सांगली, कोल्हापूर, नगर, जळगावकडचे कलाशिक्षक आपली चित्रे टेम्पोत घालून इथे आणतात. अनेकांच्या उभ्या आयुष्यातला हा एकच आठवडा असतो. पीएफमधून पैसे काढून फ्रेमा केलेल्या असतात. सातही दिवस तो माणूस सकाळपासून दालनात उभा असतो आणि त्याला सगळ्यात जास्त काय हवे असते, तर कुणीतरी येऊन चित्राविषयी विचारावे.

माझे सांगणे एवढ्यासाठीच आहे. सिनेमाचा दिग्दर्शक आपल्याला थिएटरात भेटत नाही, पुस्तकाचा लेखक दुकानात उभा नसतो. इथे चित्र भिंतीवर आणि ते काढणारा दोन हातांवर. ‘कृषिक’मध्ये प्लॉटवरच्या माणसाला विचारतो तसे त्याला विचारायचे.

एकदा तिथे जलरंगांचे प्रदर्शन लागले होते. पश्चिम महाराष्ट्रातली निसर्गचित्रे होती. घाट, नदीकाठची देवळे, ओढे. धोतर-टोपीतले एक शेतकरी कुणाच्या तरी सोबतीने आत आले होते आणि एका ओढ्याच्या चित्रापाशी खिळून उभे होते. पाण्यावर ऊन चमकत होते तिथे बोट नेत, पण न टेकवता, त्यांनी चित्रकाराला विचारले, “पाव्हणं, हा पांढरा रंग कुठला वापरलाय?” चित्रकार हसला. म्हणाला, “काका, वापरलाच नाही. तेवढी जागा रंगवायची सोडलीय. तो कागद आहे.” शेतकरी आणखी वाकले. जवळून खरोखरच कोरा कागद दिसत होता, खरबरीत, कडेला निळ्या रंगाची ओल वाळून उठलेली रेघ. मग ते चार पावले मागे सरले आणि पुन्हा पाणी दिसायला लागले. “म्हणजे आधी ठरवावं लागतं, कुठं रंग लावायचा न्हाई ते,” ते म्हणाले. पारदर्शक जलरंगाचे सगळे तंत्र या एका वाक्यात आले. पांढरे हवे तिथे कागद राखायचा. एकदा रंग बसला की मागे फिरता येत नाही. पुढचा अर्धा तास त्या दोघांचे बोलणे चालले होते, त्यात निम्मे पावसावर होते.

सगळेच बघण्यासारखे असते असे मात्र नाही, तेही सांगून टाकतो. काही आठवड्यांत बनारसचे घाट, राधा-कृष्ण आणि पळते घोडे यांचीच गर्दी असते. सात घोडे वास्तूला चांगले म्हणून खपतात, मग काढणाराही काढतो. अशा दालनातून दोन मिनिटांत बाहेर पडलात तरी काही बिघडत नाही. चित्राशेजारी लाल टिकली चिकटवलेली दिसली, तर ते विकले गेले आहे असे समजायचे; ते चांगले आहेच असे समजायचे कारण नाही. दाराशी अभिप्रायाची वही असते. तिच्यात ‘छान’, ‘अप्रतिम’ याखेरीज काही लिहिता आले तर लिहावे, मराठीत लिहावे.

चहाची सोय पूर्वी आतच होती. ‘समोवार’ नावाचा लांबट, चिंचोळा कॅफे उषा खन्ना यांनी १९६४ साली सुरू केला होता आणि तो २०१५ मध्ये बंद झाला. वरच्या मजल्यावर केकू आणि खोरशेद गांधी यांची केमोल्ड गॅलरीही होती. ती २००७ मध्ये फोर्टातच दुसऱ्या जागी गेली. गॅलरीबाहेर फुटपाथवर मात्र चित्रकार अजून बसतात. समोर बसवून चेहरा काढून देतात.

आसपासचे थोडक्यात. ज्या काळ्या घोड्यावरून या भागाला नाव पडले, तो सातव्या एडवर्डला पाठीवर घेऊन १८७९ पासून इथे उभा होता. १९६५ मध्ये त्याला हलवले. आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. २०१७ मध्ये इथे नवा घोडा बसवला, श्रीहरी भोसले यांनी घडवलेला. त्याच्या पाठीवर कुणी नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गॅलरीला लागूनच आहे. त्याला तिकीट आहे आणि निम्मा दिवस राखून ठेवावा लागतो. चौक ओलांडला की राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, म्हणजे जुना कावसजी जहांगीर हॉल. हॉल १९११ चा, संग्रहालय १९९६ पासूनचे. तिथे मोठ्या चित्रकारांची सिंहावलोकने होतात. २०१८ मध्ये कोल्हापूरच्या धुरंधरांचे असे प्रदर्शन झाले होते. सोमवारी हे संग्रहालय बंद असते.

वर्षभरात कधी जावे? जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत केव्हातरी काळा घोडा कला महोत्सव असतो. १९९९ पासून चालू आहे. रस्ताभर मांडणीशिल्पे असतात आणि माणसांचा लोंढा. पोरांना मजा येते, पण चित्र शांतपणे बघायचे असेल तर ते दिवस टाळलेले बरे. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ सालची; तिच्या वार्षिक प्रदर्शनाचे सुवर्णपदक १९३७ मध्ये अमृता शेरगिल यांना मिळाले होते. ते प्रदर्शन अजूनही दरवर्षी भरते. कला महाविद्यालयांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांसाठी जहांगीर पावसाळ्यात ‘मान्सून शो’ करते. मला स्वतःला तो सगळ्यात आवडतो. त्या पोरांनी अजून काय खपते ते शिकून घेतलेले नसते. तारखा दरवर्षी मागेपुढे होतात, तेव्हा निघण्यापूर्वी वर्तमानपत्रात किंवा फोनवर बघून घ्यावे.

आणि राज्य कला प्रदर्शन. हे कला संचालनालयाचे. याच संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा आपल्या गावोगावच्या हायस्कुलांतली मुले देतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. भांडे, कांदा आणि मागे घडी पडलेला कपडा. ग्रेड मिळते, दहावीला वाढीव गुण मिळतात आणि बहुतेकांची पेटी तिथेच बंद होते. ज्या मुलाने तीन वर्षे कांदा रंगवला, त्याने भिंतीवर टांगलेले खरे चित्र एकदाही पाहिलेले नसते. पुस्तकातला छापील तुकडा तेवढा बघितलेला. तैलरंगाचा थर किती जाड असतो, चार फुटी कॅनव्हाससमोर उभे राहिले की किती मागे सरावे लागते, हे छापील पानावर कळत नाही.

मुंबई लांब पडत असेल तर पुणे आहे. बालगंधर्व रंगमंदिराचे कलादालन, घोले रोडवरचे राजा रविवर्मा कलादालन, सेनापती बापट रस्त्यावरचे दर्पण; कुठेतरी काही ना काही लागलेले असते. सातारा जिल्ह्यातले औंधही विसरू नये. पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या तिथल्या भवानी संग्रहालयात रविवर्म्यांची मूळ चित्रे आहेत आणि हेन्री मूरचे एक शिल्पही.

मुंबई एका दिवसात होते, फक्त लवकर उठावे लागते. माळेगावहून पहाटे साडेतीनला जेजुरी-सासवडमार्गे निघाले, तर पुण्याहून सव्वासातची डेक्कन क्वीन मिळते. साडेदहाच्या आत ती सीएसएमटीला पोचते. तिथून हुतात्मा चौकावरून चालत वीस मिनिटे. तोवर गॅलरी उघडायची वेळ होते. परतीची क्वीन सायंकाळी ५.१० ला आहे.

आपल्या शाळांच्या सहली रायगडला जातात, महाबळेश्वरला जातात, पाण्याच्या पार्कात तर हमखास जातात. माळेगाव, पणदरे, सांगवी, काटेवाडी इथल्या कलाशिक्षकांनी यंदा मुख्याध्यापकांकडे एक जास्तीची सहल मागावी. बसभाडे आणि डबा, एवढाच खर्च. जहांगीर आर्ट गॅलरी सकाळी ११ ते सायंकाळी ७ उघडी असते, प्रवेश विनामूल्य आहे. फक्त सोमवारी संध्याकाळी जाऊ नका, तेव्हा चित्रे उतरवायला सुरुवात झालेली असते.