जनावरांच्या यकृतविकाराची लक्षणे वेळीच ओळखा

पित्त तयार करणे, विषारी द्रव्ये निष्प्रभ करणे व रक्तातील महत्त्वाची प्रथिने बनविणे ही यकृताची कामे होत. त्याचा बराच भाग निकामी झाला तरी उरलेला भाग काम चालवितो. त्यामुळे बिघाड बाहेर दिसू लागतो, तेव्हा पुष्कळ हानी होऊन गेलेली असते.

भातखाचरे, तळी व पाणथळ कुरणे असलेल्या भागांत या बिघाडाचे एक प्रमुख कारण म्हणजे पानासारखा चपटा पर्णकृमी. त्याची अंडी शेणावाटे पाण्यात जातात. त्यांतून निघालेल्या अळ्या पाण्यातील गोगलगाईंच्या शरीरात वाढतात व पुढे बाहेर पडून काठच्या गवताला किंवा भाताच्या धाटांना चिकटतात. असा चारा खाल्ल्यावर कोवळे कृमी आतडे भेदून यकृतात शिरतात, ते पोखरतात आणि अखेर पित्तनलिकांत ठाण मांडतात.

प्रथम जनावराची भूक मंदावते, दूध घटते, केस राठ होतात. खालची पापणी उलटून पाहिल्यास आतील भाग फिकट दिसतो. कधी हगवण लागते. पुढे रक्तातील प्रथिने कमी झाल्याने जबड्याखाली पाणी साठून मऊ सूज येते. मेंढ्यांत मात्र एकाच वेळी पुष्कळ कृमी यकृतात शिरल्यास ही सूज येण्यापूर्वीच मृत्यू ओढवतो.

अशीच सूज पोटातील रक्तशोषक गोलकृमींमुळेही येते. म्हणून अंदाजाने औषध पाजू नये. ताजे शेण स्वच्छ डबीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासावे. कृमी प्रौढ होण्यास सुमारे तीन-चार महिने लागतात व तोवर शेणात अंडी सापडत नाहीत. यास्तव जनावर कोठे चरते, कोठे पाणी पिते, हेही डॉक्टरांना सांगावे. ट्रायक्लॅबेंडाझोल कोवळ्या व प्रौढ कृमींवर, तर ऑक्सिक्लोझानाइड मुख्यतः प्रौढ कृमींवर चालते. मात्रा वजनाप्रमाणे डॉक्टरांनीच ठरवावी. औषधानंतर किती दिवस दूध वापरू नये, हेही विचारून घ्यावे.

औषधाने यकृत सावरते. पण जनावर पुन्हा त्याच डबक्यावर गेले तर रोग परततो. म्हणून पाणी उंचवट्यावरील हौदात पाजावे, पाण्याकाठचे ओले गवत टाळावे, भाताचा पेंढा उन्हात चांगला वाळवावा व शेण खड्ड्यात कुजवूनच शेतात घालावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळा संपताच गोठ्यागोठ्यांतून जाऊन जनावरांच्या पापण्या व जबडे पाहिले, तर अनेक घरांचे दुभते वाचेल.