काच धरणारा टाका

उंद्री हे चिखली तालुक्यातलं, खामगाव–चिखली रस्त्यावरचं गाव. उन्हाळ्यात या रस्त्यावर दुचाकीवरून जाणारी मुलगी स्कार्फशिवाय दिसायची नाही. डोळे तेवढे उघडे, बाकी तोंड सुती कापडात गुंडाळलेलं. हा स्कार्फ बहुधा गिरणीचा, छापील. तसल्याच सुती कापडावर हातानं आरसे भरले की त्याचा भाव बदलतो आणि आपण म्हणतो, ‘राजस्थानी दिसतोय’ किंवा ‘कच्छचा असेल’. बुलढाण्यापासून वाशीम-यवतमाळपर्यंतच्या बंजारा तांड्यांतल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या आरसे भरले, ते मात्र आपल्या लक्षात येत नाही. घरचं म्हटलं की कौतुक कमीच!

तांड्यातल्या म्हाताऱ्या बाईच्या अंगावर आरशांचा पोशाख अजून कुठे कुठे दिसतो. घेरदार फेटिया (घागरा), आरशांनी भरलेली कांचळी (चोळी), डोक्यावरून टुकरी (ओढणी). जाडाभरडा तांबडा-निळा कपडा, त्यावर काचा, कवड्या, जुनी नाणी. घागरीखालच्या चुंबळीलासुद्धा कवड्यांची झालर. यातलं काही विकायचं म्हणून केलेलं नसे. लेकीच्या लग्नासाठी आई वर्षानुवर्षं भरत बसे. त्यामुळे वेळेचा हिशोब नव्हता, की कुणी वजनाची तक्रार करत नव्हतं.

बंजारे हे एके काळचे देशाचे वाहतूकदार. बैलांच्या पाठीवर गोणी लादून धान्य आणि मीठ मुलूखभर फिरवायचं, मोगलांच्या, मराठ्यांच्या, पुढे इंग्रजांच्याही फौजांना रसद पुरवायची, ही त्यांची लदेणी. 1870 साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला, तो वऱ्हाडच्या कापसासाठी. उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. (खामगाव म्हटलं की आज लोकांना चांदी आठवते. तेव्हा ते कापसाच्या बाजारासाठी गाजत होतं.) देशभर आगगाडी जसजशी पोचली, तसतशी लदेणी बसली. त्यात 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याची सावली पुढे या समाजावरही पडली. तो कायदा रद्द व्हायला 1952 साल उजाडलं. बैल गेले, धंदा गेला, तांडे डोंगराच्या कडेला स्थिरावले. बायकांच्या हातातली सुई तेवढी राहिली.

आता हे काम जवळून पाहू. आरशाला भोक नसतं, म्हणजे तो टिकलीसारखा टाचता येत नाही. डाव्या अंगठ्यानं काच कापडावर दाबून धरायची आणि तिच्यावरून दोन धागे आडवे, दोन उभे ताणायचे. मध्ये एक चौकट तयार होते. मग त्या चौकटीत सुई घालून, कडेच्या कापडात टाका घेत गोल फिरायचं. प्रत्येक टाक्यागणिक आडवे-उभे धागे बाहेरच्या बाजूला ओढले जातात, मधली काच उघडी होते आणि भोवती दोऱ्याची जाड कड बसते. सगळी मेख पहिल्या चार धाग्यांत. ते सैल पडले तर चार धुण्यांत आरसा निसटतो. काचेच्या कडेला खूप जवळून घेतले तर ओढायला वाव राहत नाही. काचेची कड घासून बोथट केलेली नसेल तर ती दोराच कापते. पूर्वी हे आरसे गुजरातेतल्या कपडवंजसारख्या ठिकाणी बनत. काचेचा फुगा फुंकायचा, आतून कल्हई द्यायची आणि फोडून तुकडे करायचे. म्हणून जुन्या आरशाला किंचित बाक असतो आणि त्याची चमक मंद, वेडीवाकडी.

स्कार्फ म्हटला की यात तडजोड आली. पातळ मलमलीला काचेचं ओझं पेलत नाही, कापड ओढलं जातं, फाटतं. म्हणून जाणती बाई आरसे दोन्ही पदरांकडे ठेवते, मानेशी येणारा मधला भाग मोकळा सोडते. माझ्या मते टुकरीची ही लहान बहीण काही कमअस्सल नाही. कमअस्सल आहे ते बाजारातलं दुसरंच: तयार दोऱ्याच्या कड्यात बसवलेली प्लॅस्टिकची चकती, मागून डिंकानं चिकटवलेली.

अस्सल हातकाम टिकवायचं, तर कर्नाटकातल्या संडूरचं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. संडूर हे पूर्वी घोरपडे घराण्याचं मराठी संस्थान होतं. तिथल्या संडूर कुशल कला केंद्रानं लंबाणी, म्हणजे आपल्याच बंजारा बायकांच्या भरतकामाला बाजार मिळवून दिला. 2010 साली ‘संडूर लंबाणी भरतकामा’ला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे वसंतराव नाईकांच्या रूपानं याच समाजानं राज्याला 11 वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री दिला, आणि वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला ऑक्टोबर 2024मध्ये बंजारा विरासत संग्रहालयही उघडलं. चांगलंच झालं. पण संग्रहालयातला फेटिया पाहून तांड्यातल्या पोरीच्या हाताला मजुरी मिळत नाही. ऊसतोडीला जाण्यापेक्षा सुई धरणं परवडलं, तरच ती शिकेल.

तेव्हा असा स्कार्फ घेताना आधी तो उलटा करून पाहा. मागे आरशाभोवती टाक्यांचं कडं दिसलं, गाठी थोड्या पुढेमागे असल्या, डिंकाचा डाग नसला, तर काम हाताचं समजा आणि मग घासाघीस करू नका. धुताना गार पाणी घ्या, पहिल्यांदा वेगळाच धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. इस्त्री उलट्या बाजूनंच.