एका जागेला सव्वा कोटी

कागद-पेन्सिल घ्या आणि एक भागाकार करून बघा. टाटा समूहातल्या कंपन्या राजकीय पक्षांना देणगी देतात ती प्रोग्रेसिव्ह इलेक्टोरल ट्रस्टमार्फत. २०१८-१९ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, या ट्रस्टने भाजपला सुमारे ३५६ कोटी ५३ लाख रुपये दिले, काँग्रेसला ५५ कोटी ६२ लाख आणि तृणमूल काँग्रेसला ४२ कोटी ९८ लाख. आता २०१४ साली या पक्षांनी जिंकलेल्या लोकसभेच्या जागा आठवा : २८२, ४४ आणि ३४. भागा! तिन्ही वेळा उत्तर तेच, जागेमागे साधारण १ कोटी २६ लाख.

देणगी म्हटली की मर्जी, ओळखपाळख, दबाव असलं काही डोळ्यांपुढे येतं. इथे मात्र शाळेतलं त्रैराशिक!

त्यामागे जुना इतिहास आहे. पक्षांना देणगी देता यावी म्हणून टाटा आयर्न अँड स्टीलला आपल्या मेमोरँडममध्ये, म्हणजे कंपनीच्या घटनापत्रात, बदल करायचा होता. १९५७ साली हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आलं. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी परवानगी दिली, पण अशा पैशाने उद्या लोकशाहीचाच गळा आवळला जाईल, असं बजावूनही ठेवलं. १९६१ मध्ये जे. आर. डी. टाटांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून सरळ कळवलं, की काँग्रेसबरोबर ‘स्वतंत्र’ नावाच्या विरोधी पक्षालाही आम्ही मदत करणार. पुढे १९६९ ते १९८५ कंपन्यांच्या देणग्यांवर बंदीच होती. १९९६ मध्ये टाटांनी इलेक्टोरल ट्रस्ट काढला. कुणाला किती, हे मालकाने नव्हे, सूत्राने ठरवावं, ही त्यामागची कल्पना.

खरी गंमत पुढे आहे. २०१४ मध्ये भाजपला सुमारे ३१ टक्के मतं होती, काँग्रेसला १९ टक्क्यांच्या आसपास. जागांऐवजी मतांच्या प्रमाणात वाटप केलं असतं, तर भाजपला काँग्रेसच्या जवळपास साडेसहा पट मिळण्याऐवजी जेमतेम दीडपट-पावणेदोनपट मिळालं असतं. सगळ्या पक्षांना सारखंच द्यायचं ठरवलं असतं, तर फरकच उरला नसता. आणि जागांचा हिशेब धरला की एकही जागा नसलेल्या नव्या पक्षाच्या वाट्याला भोपळा.

तिन्ही सूत्रं निःपक्षपाती. एकातही कुणाच्या आवडीनिवडीला जागा नाही. तरी एकाच रकमेची वाटणी तीन तऱ्हांनी होते, आणि जागांच्या सूत्रात तर काल जिंकलेल्याला उद्याच्या लढाईसाठी जास्त रसद मिळते. तेव्हा एखादी कंपनी ‘आम्ही सगळ्यांनाच देतो’ म्हणाली, की मान डोलावण्याआधी एवढंच विचारावं : कशाच्या प्रमाणात?