अंगावर पित्त उठते, त्यात तेलाचा दोष किती?

जेवणानंतर अंगावर लाल गांधी उठल्या, खाज सुटली, की घरात लगेच म्हणतात, "पित्त उठले. आजचे तेल बाधले!" मग आमसुलाचे पाणी अंगाला चोळायचे आणि चार दिवस बिनतेलाचे जेवायचे. हिंगोली जिल्ह्यातील आखाडा बाळापूरच्या परिसरात सोयाबीन, करडई, भुईमूग ही पिके परिचयाची. म्हणजे संशय घ्यायला तेलेही तीन!

पण यकृतातील पित्तरसाचा या गांधींशी संबंध नाही. त्या उठतात हिस्टामिनमुळे. त्वचेतील काही पेशींत ते साठलेले असते. ते सुटले की बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरतो आणि कातडी फुगते.

मग हे हिस्टामिन तेलातून येते काय? रसायनशास्त्रालाच विचारू. हिस्टामिनच्या एका रेणूत कार्बनचे ५, हायड्रोजनचे ९ आणि नायट्रोजनचे ३ अणू असतात. तेलातुपाच्या स्निग्ध रेणूंत असतात कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, नायट्रोजन नाहीच! तेल खवट होते तेही हवेतील ऑक्सिजनमुळे. ते चवीला वाईट लागेल, पण त्यात हिस्टामिन तयार होणार नाही.

हिस्टामिन बनते हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून. बांगड्यासारख्या माशात हिस्टिडिन भरपूर असते. मासा बर्फाविना राहिला, की काही जीवाणू त्याचे हिस्टामिन करतात. गंमत अशी, की ते तळण्याच्या उष्णतेनेही नष्ट होत नाही. बाधतो मासा, बोल लागतो कढईतल्या तेलाला!

आपल्या आतड्यात डायअमाइन ऑक्सिडेज नावाचे विकर असते. अन्नातील हिस्टामिन मोडणे हे त्याचे काम. काही जणांत ते कमी पडते, असे मानले जाते. त्यांना मुरलेले चीज किंवा आंबवलेले पदार्थही सोसत नाहीत.

तरीही तेलाला पुरते निर्दोष ठरवू नका. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले, की स्निग्ध पदार्थ शोषले जाताना आतड्यातील पेशी स्वतःजवळचे हिस्टामिन सोडतात. अर्थात, तेवढ्यावरून माणसाने फोडणी बंद करावी असे ठरत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी ही मात्र वेगळी बाब. घाण्याच्या तेलात शेंगदाण्याचे किंचित प्रथिन उरते आणि अशा माणसाला तेवढेही घातक ठरू शकते.

आणि गांधींबरोबर ओठ किंवा जीभ सुजली, श्वास कोंडू लागला, तर आमसूल शोधत बसू नका. रोग्याला तडक दवाखान्यात न्या.